पंतांची वीस पावलं

उंबरओढ्याच्या वेशीत उभं राहिलं की खाली नदी दिसते, पण नदीकडे जाणारा रस्ता काही दिसत नाही. तो दहा-पंधरा पावलं पुढे जातो आणि एकदम डावीकडे तालमीकडे वळतो. तिथून उंबराखाली येऊन ऐसपैस पसरतो, विहिरीला अर्धी प्रदक्षिणा घालतो, लोहाराच्या भट्टीपाशी अंग चोरतो आणि अशी नऊ वळणं घेत कुंभाराच्या अंगणापाशी पोहोचतो. तिथून घाटापर्यंतची शेवटची वीस पावलं मात्र अगदी सरळ, सूत धरून आखल्यासारखी. नवख्या माणसाला वाटतं की वरचा रस्ता अडाण्यांनी केला असेल आणि शेवटचा तुकडा कुणा जाणत्याने. गावातले लोक त्याचा हा समज लगेच दूर करत नाहीत, आधी थोडी मजा बघतात.

या गावात अक्षय्यतृतीयेला एक रीत पाळतात. गावातलं सगळ्यांत म्हातारं पण चालतं-फिरतं माणूस, मग बाई असो की बुवा, ताकाने काठोकाठ भरलेला माठ डोक्यावर घेऊन वेशीपासून घाटापर्यंत चालत जातं. मागून एक जण चुन्याची पिशवी घेऊन येतो. जिथे ताक सांडेल तिथे तो चिमूटभर चुना टाकतो, आणि त्या वर्षी रस्त्याची दुरुस्ती तिथेच होते. ग्रामपंचायतीच्या वहीत आजवरच्या सगळ्या ठरावांत ‘दुरुस्ती ताकाप्रमाणे करावी’ असंच लिहिलेलं आहे.

गेली तीन वर्षं माठाचा मान महिपततात्यांकडे आहे. तात्या चौऱ्याऐंशी वर्षांचे. तालुक्याहून रस्त्याच्या कामाची माणसं मोजायची टेप घेऊन आली, की तात्या त्यांना उंबराच्या पारावर बसवतात, पाणी देतात आणि टेप गुंडाळायला लावतात. हा रस्ता असा कुणी आखला, असं पाहुण्यांनी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं.

“आखला न्हाई कुणी. ताक सांडलं न्हाई, तितनं झाला.”

मग तात्या जी हकिगत सांगतात ती अशी.

फार वर्षांपूर्वी हे गाव एका सरंजामात होतं. सरंजामाच्या आईसाहेब सत्तरी ओलांडलेल्या, पाठीच्या दुखण्याने बेजार. त्यांनी ठरवलं, की अक्षय्यतृतीयेला उंबरओढ्याच्या घाटावर स्नान करायचं. त्या काळी वेशीपासून घाटापर्यंत रस्ता असा नव्हताच, नुसता दगडधोंड्यांचा उतार होता. आईसाहेबांचा निरोप आला, की मेण्यात माझ्या मांडीवर पानाचं तबक असतं, घाटापर्यंत त्यातली सुपारी जागची हलता कामा नये. असा रस्ता करायला त्यांनी शिमगा झाल्याबरोबर आपले कारकून विसाजीपंत यांना गावात धाडलं.

विसाजीपंतांचा सरळ रेषेवर फार जीव. खाली काळ्या रानात त्यांनी दोन रस्ते असे काढले होते, की या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा बैल शेपटी हलवतो की नाही ते दिसे. जेवताना पाट जरा तिरका दिसला तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. पुतणीच्या लग्नात त्यांनी सगळ्या पंगतीच्या पत्रावळी सूत लावून मांडायला लावल्या. वरण येईपर्यंत भात गार झाला आणि व्याही जे रुसले ते रुसलेच, असं म्हणतात. पंतांची बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. सरंजामाच्या थोरल्या सरकारांनी स्वतःच्या हाताने बांधलेलं तांबडं पागोटं आणि ते दोन सरळ रस्ते, एवढीच त्यांची जन्माची कमाई होती. आपल्यामागे आपलं नाव या दोन गोष्टी सांगतील, असं त्यांना मनापासून वाटे.

पहिल्याच दिवशी त्यांनी भैरोबाच्या देवळापुढे गाव जमवलं आणि वेस ते घाट असं हातानेच सूत धरून दाखवलं. “हा असा रस्ता. मध्ये तालमीचा हौदा येतो, तो बुजेल. विहिरीचा कट्टा तुटेल. उंबर पडेल. चालेल ना?”

“व्हय जी,” रायाजी पाटील म्हणाले.

“व्हय जी,” सगळं गाव म्हणालं.

पंत खूश झाले. त्यांना ठाऊक नव्हतं, की उंबरओढ्यात सरकारी माणसाला नाही म्हणायची रीतच नाही. व्हय जी म्हणायचं, मान डोलवायची आणि पुढे जे होईल ते होऊ द्यायचं, हा तिथला शिरस्ता. एवढ्यात डोक्यावर ताकाचा माठ घेतलेली म्हातारी भिवराई गवळीण तिथून चालली होती. ती रोज वेशीपासून घाटापर्यंत ताक विकत जायची, आणि माठ डोक्यावर असला की मान डोलवता येत नसल्यामुळे तिला खरं बोलायची सवय लागली होती.

“सरळ रस्त्यानं माझं ताक सांडंल, पंत,” ती म्हणाली.

हशा पिकला. पंतांचा पारा चढला. तिथल्या तिथे भैरोबाकडे हात करून ते म्हणाले, “रस्ता या सुतासारखा सरळ करून दाखवतो. नाही झाला, तर हे पागोटं उतरवीन आणि या बाईचा माठ डोक्यावर घेऊन वेशीपासून घाटापर्यंत चालत जाईन. भैरोबाची आण!”

“व्हय जी,” गाव म्हणालं.

दुसऱ्या दिवशी पंतांनी वेशीपासून घाटापर्यंत खैराच्या बेचाळीस खुंट्या ठोकल्या. एकीमागे एक अशा, की पहिलीमागे उरलेल्या एकेचाळीस दिसेनात. त्या दिवशी ते चार घास जास्त जेवले. सकाळी येऊन पाहतात तर प्रत्येक खुंटीला एकेक म्हैस, गाय नाहीतर रेडकू बांधलेलं. जनावरांनी ओढून ओढून निम्म्या खुंट्या उपटल्या होत्या आणि उरलेल्या चारी दिशांना वाकवल्या होत्या. पाटील हात जोडून पुढे आले.

“सरकारनं दावणीला खुंट्या धाडल्या म्हून गावात लई आनंद हाय जी. कोंडाजीचा रेडा तेवढा बिनखुंटीचा ऱ्हायलाय. त्यालाबी येक द्यावी.”

पंतांनी कपाळावर हात मारला. खुंट्या पुन्हा ओळीत ठोकल्या आणि कुणी हात लावू नये म्हणून प्रत्येकीला शेंदूर फासला. ही मात्र त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक ठरली. दोन दिवसांत खुंट्यांपुढे नारळ फुटू लागले. सातव्या खुंटीला नवस बोलल्यावर कुणाच्या तरी म्हशीला पारडी झाली, अकरावी दाढदुखीवर चालते असं ठरलं, आणि गुरवाने बेचाळीस देवांना वार वाटून दिले. पंत कुदळ घेऊन आले तेव्हा गुरव अत्यंत नम्रपणे आडवा आला.

“खणा की जी. निस्ता देवाला कौल लावूया.”

बेचाळीस देवांना कौल लावायला आठ दिवस गेले आणि बेचाळीसही देवांनी नको म्हणून सांगितलं. जे गावाच्या तोंडून निघत नव्हतं ते देवांच्या तोंडून निघालं.

अक्षय्यतृतीया तीन आठवड्यांवर आली. पंतांनी देवांची माफी मागितली, खुंट्यांच्या हातभर बाजूने चुन्याची सरळ रेघ ओढली आणि बरोबर आणलेल्या बेलदारांकडून तेवढी पट्टी साफ करून घेतली. तालमीचा अर्धा हौदा बुजला. उंबराच्या दोन फांद्या गेल्या. विहिरीचा कट्टा एका बाजूने फुटला. मग पंत स्वतः मेण्यात बसले, मांडीवर पानाचं तबक घेतलं आणि भोयांना म्हणाले, “चला. बघू द्या गावाला.”

भोई निघाले. वेशीपासून ते चालत होते. उंबर मागे पडल्यावर भरभर चालू लागले. विहिरीपाशी ते पळू लागले आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता, कारण उतार त्यांना पळवत होता. पाणी भरणाऱ्या बाया घागरी टाकून बाजूला झाल्या. “थांबा! अरे थांबा!” असं पंत ओरडत होते, आणि भोई “व्हय जी, व्हय जी” म्हणत आणखी जोरात पळत होते. शेवटी कुंभाराने माती भिजत घातलेल्या खड्ड्याने सरंजामाच्या कारकुनाला पोटाशी धरलं. मेणा एकीकडे, तबक दुसरीकडे. पंतांच्या एका गालाला चुना आणि दुसऱ्या गालाला कात लागला होता. पागोटं तेवढं कोरडं राहिलं, कारण ते विहिरीपाशीच पडलं होतं.

कुणी हसलं नाही. गाव भिडस्त होतं, सगळे आपापल्या घरात जाऊन हसले. पंत खड्ड्याच्या काठावर एकटेच बसून राहिले. आपल्याला ही एकच गोष्ट येते आणि तीही इथे येत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात वरून भिवराई आली. डोक्यावर माठ काठोकाठ. तिने माठ उतरवला आणि वाडगाभर ताक त्यांच्या हातात दिलं.

“प्या. चिखलाचा वास जाईल.”

पंत ताक पीत माठाकडे पाहत राहिले. थेंबसुद्धा सांडलेला नव्हता. “तू कुठून आलीस?”

“वेशीपासनं.”

“कुठल्या रस्त्याने?”

“मी रस्ता बघत न्हाई,” भिवराई म्हणाली. “माठ जिकडं म्हणंल तिकडं जाती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाने एक नवल पाहिलं. पुढे भिवराई आणि तिच्यामागे, हातात चुन्याची पिशवी घेऊन, विसाजीपंत. तिचं पाऊल जिथे पडे तिथे ते चिमूट सोडत. वेशीतून ती डावीकडे वळली, कारण तिथे उतार पाठीसारखा आडवा गेला होता आणि आडव्या अंगाने उतरलं तर गुडघा दुखत नव्हता. तालमीतल्या पोरांनी ताक घेतलं, पंतांकडे पाहिलं आणि बुजलेल्या हौद्याकडेही पाहिलं. पंतांनी मान खाली घातली.

उंबराखाली तिने माठ उतरवला. तिथे सात-आठ म्हातारी माणसं बसलेली होती. त्यांतला डोळ्यांनी गेलेला धोंडीबा साळी पावलावरून माणूस ओळखायचा.

“या, खुंटीवाले,” तो म्हणाला. “बसा. गावातलं जाणारंयेणारं सगळं हितनंच जातं. म्हून तर मी जित्ता हाय. न्हाईतर आंधळ्याला घरात कोन इचारतंय?”

पंतांच्या सरळ रेघेत धोंडीबाची ही जागा बरोबर मधोमध येत होती. त्यांनी तिथे चुना टाकला नाही. रस्ता झाडाला वळसा घालून गेला, आणि ताक घ्यायला लोक थांबतात म्हणून तिथे दुप्पट रुंद झाला.

विहिरीपाशी भरल्या घागरी घेऊन बाया वर येत होत्या, तर भिवराई लांबून वळली. लोहाराच्या भट्टीपाशी दोन्ही बाजूंना मोकळी जागा असूनही ती अगदी एका चाकोरीतून गेली. इथे तरी रस्ता रुंद करू, असं पंत म्हणाले.

“हितं अरुंदच ठेवा,” ती म्हणाली. “अरुंद असला की गाडीवान खाली उतरून बैल धरतो. भट्टीम्होरं पोरं खेळत्यात, ती वाचत्यात. रुंद केला तर समदेच तुमच्या मेन्यावानी पळतील.”

पंतांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी भैरोबाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी चुन्याची ती रेघ पाहिली. अशी वाकडी रेघ त्यांनी उभ्या जन्मात ओढली नव्हती. पण ती कुठे तुटत नव्हती. ती एकाही देवाला अडत नव्हती, दोन खुंट्यांच्या मधून सफाईने निघून जात होती. हा रस्ता केला तर आण मोडते, पागोटं उतरतं आणि डोक्यावर ताकाचा माठ येतो. सरळ रस्ता केला तर आईसाहेब कुंभाराच्या खड्ड्यात जातात. पंत दोन दिवस जेवले नाहीत, असं सांगतात. तिसऱ्या दिवशी ते बेलदारांना म्हणाले, “चुन्यावरून खणा.” मग तालमीच्या हौद्यातली माती त्यांनी स्वतः उभं राहून उपसून घेतली.

काम भराभर झालं, कारण या वेळी गाव नुसतं व्हय जी म्हणून थांबलं नाही, कुदळी घेऊन आलं. राहता राहिला कुंभाराच्या अंगणापासून घाटापर्यंतचा तुकडा. तिथे एका पसरट खडकाला वळसा घालून भिवराई दहावं वळण घ्यायची. पंत त्या खडकापुढे हात पसरून उभे राहिले.

“भिवराई, नऊ ठिकाणी मी तुमचं ऐकलं,” ते म्हणाले. त्या दिवसापासून ते तिला अहो-जाहो करू लागले ते कायमचे. “वीस पावलं माझी. एवढी तरी सरळ होऊ द्या.”

भिवराईने त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारीला त्यांची दया आली. “करा बापडे,” ती म्हणाली.

अक्षय्यतृतीयेला आईसाहेब आल्या. मेणा वेशीतून डावीकडे वळला. पंत बाजूने चालत होते आणि त्यांची नजर तबकातल्या सुपारीवरून हलत नव्हती. सुपारीही हलत नव्हती. उंबराखाली मेणा थांबवायला आईसाहेबांनीच सांगितलं. त्या खाली उतरल्या, म्हाताऱ्या माणसांत पारावर बसल्या, ताक प्यायल्या आणि धोंडीबाने त्यांच्या पावलावरून त्यांची कंबर डावीकडे धरते हे सांगितलं तेव्हा थक्क झाल्या. विहिरीपाशी बायांशी बोलल्या. लोहाराच्या पोरांनी मेण्यात डोकावून पाहिलं, तर त्यांना खडीसाखर दिली.

“पंत,” त्या म्हणाल्या, “इतकी गावं फिरले, पण मेण्यातून गावाचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. नाहीतर आम्हाला नुसता घाट दिसतो.”

पंतांचा ऊर भरून आला. कुंभाराचं अंगण मागे पडलं आणि ती वीस पावलं सुरू झाली. पहिल्या दहांत काही झालं नाही. अकराव्या पावलाला भोई जरासे भरभर चालू लागले. पंधराव्याला सुपारी तबकाच्या काठाशी आली, एक क्षण थांबली, आणि उडी मारून त्या सरळ रस्त्याने सरळ नदीत गेली.

सगळ्या गावाची नजर पंतांच्या पागोट्याकडे गेली.

“पंत,” आईसाहेब म्हणाल्या, “सुपारी गेली.”

पंतांनी पागोटं उतरवलं आणि आईसाहेबांच्या पायांशी ठेवलं. मग ते वळले, उन्हात चमकणाऱ्या डोक्याने सगळा चढ चढून वेशीत गेले आणि तिथे माठ घेऊन उभ्या असलेल्या भिवराईपुढे वाकले. “माझी आण आहे,” ते म्हणाले. “माठ द्या.”

भिवराईने आपली चुंबळ त्यांच्या टकलावर नीट बसवली आणि वर माठ ठेवला. पंत निघाले. मागे सगळं गाव. पहिल्या वळणाला ते डोळ्यांनी रस्ता शोधत होते. दुसऱ्या वळणापर्यंत त्यांना कळलं, की डोक्यावर माठ असला की रस्ता डोळ्यांना दिसतच नाही, तळपायांना दिसतो. नऊ वळणं संपली, थेंब सांडला नाही. वीस पावलं आली, आणि पंधराव्या पावलाला ताकाने उसळी घेतली. ते पंतांच्या टकलावरून नाकावर आणि नाकावरून मिशांत उतरलं. आईसाहेबांनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरेना. मग गावही पहिल्यांदा सरकारी माणसासमोर उघड उघड हसलं. आणि ताक निथळत असलेले विसाजीपंतही हसू लागले, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“पागोटं घाला, पंत,” आईसाहेब म्हणाल्या.

“तेवढ्या तुकड्याला उद्या वळण देतो, सरकार.”

“मुळीच नको. तो तसाच राहू द्या. नाहीतर चार वर्षांनी तुम्हाला वाटेल, हा सगळा रस्ता तुम्हीच केला.”

पंत पुढे सरंजामाच्या कामाला परत गेले. पण दर अक्षय्यतृतीयेला ते न चुकता उंबरओढ्याला यायचे, माठ डोक्यावर घ्यायचे आणि जिथे सांडेल तिथला रस्ता उभं राहून नीट करून घ्यायचे. भिवराई थकली तेव्हा ती उंबराखाली धोंडीबाच्या जागेवर बसून त्यांच्या पावलांकडे लक्ष ठेवायची आणि मान ताठ ठेवा म्हणून दटावायची. पंतही थकले, तसा माठ गावाने आपल्या डोक्यावर घेतला. त्यांचे खालचे दोन सरळ रस्ते पुढे कधीतरी मोडले, म्हणे. आज कुणाला त्यांची नावंही सांगता येत नाहीत.

बेचाळीस खुंट्यांपैकी अकरावी अजून जागेवर आहे, आणि दाढ दुखणारी माणसं अजून तिला नारळ देतात. बाकी रस्त्यावर आता फरशी आली, दिवे आले. ताकाप्रमाणे दुरुस्त्या होत होत रस्ता असा झाला आहे, की ऐंशीच्या पुढचं माणूसही काठी न घेता घाटापर्यंत जातं. शेवटच्या तुकड्यातला तो खडकही झिजून सपाट झाला आहे. खरं तर गेली कित्येक वर्षं तिथेसुद्धा ताक सांडत नाही.

तरीही आजही अक्षय्यतृतीयेला महिपततात्या माठ घेऊन त्या वीस पावलांत शिरतात, तेव्हा मोठ्याने पावलं मोजतात. पंधराव्या पावलाला ते थांबतात. इकडे बघतात, तिकडे बघतात, आणि एक बोट माठाच्या काठाला लावून हळूच तिरका करतात. ताक टकलावरून ओघळून मिशांत उतरतं. चुन्याची पिशवीवाला पुढे येतो, पण तिथे चुना टाकत नाही, नुसते हात जोडतो.

टेपवाल्या पाहुण्यांनी यंदा विचारलं, की तात्या, हे मुद्दाम का सांडलंत?

“त्यो पंतांचा वाटा,” मिशा पुसत तात्या म्हणाले.